उपाशी राहिलेल्या सहा कुंड्या

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. माझ्या वर्गातल्या मुलींना ते ठाऊक आहे, घरच्यांना तर फारच. वडील म्हणतात, ही पोरगी म्हणजे शेगडीवरचं दूध, नजर हटली की उतू. मी आता पस्तिशी ओलांडलेली, भिवंडीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई आहे, तरी घरात अजून 'ही पोरगी'च. एरवी माझा राग घटकाभरात निवतो आणि मग मीच चहा टाकते. पण एकदा तो माझ्या आईच्या जिव्हारी लागला. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आमचं घर मानकोली नाक्यावरून खाडीच्या अंगाला वळलं की लागतं. मी शाळेत होते तेव्हा मागल्या दारातून थेट खाडीच्या बांधापर्यंत भात दिसायचं. आता तिथे गोदामाची निळ्या पत्र्याची भिंत आहे आणि कंटेनर मागे घेताना वाजणारी पिपाणी दिवसभर कानावर येते. भिंत आणि बांध यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी उरली आहे. त्या पट्टीत आई अजून भात लावते. खारवट जमिनीत तग धरणारं, लालसर दाण्याचं, घरचंच बियाणं. गावात आता ते आमच्याशिवाय फार तर आणखी एखाद्या घरात असेल. लोक आईला म्हणतात, एवढ्याशा तुकड्यासाठी कशाला चिखलात उतरतेस? ती हसते आणि उतरते.

या भाताला करपा कमी लागतो, हे मी लहानपणापासून बघत आले. करपा म्हणजे भाताच्या पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पाडणारी बुरशी. शेजारच्या शेतात पानं भाजल्यासारखी व्हायची आणि आमच्या भातावर चार ठिपके येऊन थांबायचे. मोठी झाल्यावर मी पीएच.डी.ला हाच विषय घेतला. भाताला बुरशी आल्याचं कळतं कसं आणि कळल्यावर ते करतं काय, एवढाच.

विषय सांगते, घाबरू नका. आपल्या अंगात काही शिरलं तर रक्तातल्या पेशी धावून जातात. झाडाला रक्त नाही, धावणाऱ्या पेशी नाहीत, पळून जायला पाय नाहीत. त्यामुळे झाडाची प्रत्येक पेशी आपली राखण आपणच करते. पेशीच्या पातळ पडद्यावर काही प्रथिनं बसलेली असतात, त्यांचं एक टोक बाहेर आणि एक आत. पुस्तकात त्यांना ग्राही म्हणतात. बुरशीच्या अंगावर कायटिन नावाच्या पदार्थाचं कवच असतं आणि झाडाच्या स्वतःच्या अंगात कायटिन नावालाही नसतं. म्हणजे कायटिन सापडलं की कुणीतरी परकं आलं, हे नक्की. झाड आपल्या रसातून त्या कवचाचे बारीक तुकडे पाडतं, तुकडा बाहेरच्या टोकात अडकतो, शेजारशेजारची प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि आतलं टोक जागं होतं. पेशीत कॅल्शियम घुसतं, पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते, तेच जे जखमेवर ओतलं की फेस येतो. भिंती जाड होतात, बुरशीला मारणारे रस तयार होतात. हे सगळं थोड्या मिनिटांत सुरू होतं.

वडिलांना हे एकदा समजावून सांगत होते. त्यांनी नारपोलीत तीस वर्षं लूमवर ड्युटी केली आणि त्या आवाजानं कान गमावले, म्हणून मी ओरडून सांगत होते आणि अर्ध्या गल्लीला ग्राही कळले होते. ते म्हणाले, हे तर आमच्या लूमवरच्या काट्यासारखं झालं. धोटा इकडून तिकडे गेला की काटा दर वेळी बाण्याचा, म्हणजे आडवा धागा चाचपतो, धागा नसला की लूम आपोआप थांबतं, कारागिरानं बघायची गरज नाही. मी म्हटलं, अगदी तसंच, फक्त उलटं, इथे नसायला हवं ते सापडलं की हालचाल सुरू होते. पुढची दोन वर्षं मी वर्गात हेच उदाहरण दिलं. निम्म्या मुलींच्या घरचे लूमवरचे, त्यांना पुस्तकातल्या आकृतीपेक्षा लवकर कळायचं.

माझा प्रयोग असा होता. रोपांना लहानपणीच शुद्ध कायटिनचं पाणी थोडं थोडं द्यायचं, म्हणजे शत्रू न येताच शत्रूची ओळख. मग पानं कापून लॅबमध्ये न्यायची, त्यांच्यावर करप्याच्या बुरशीचे थेंब ठेवायचे आणि एक रंग वापरून बघायचं. पानानं पेरॉक्साइड सोडलं असेल तिथे तपकिरी डाग उठतो. ज्यांची आधी ओळख झाली आहे ती पानं लवकर सावध होतात का, हा प्रश्न. त्यासाठी साठ कुंड्या. एक ते तीसला कायटिन, एकतीस ते साठला नुसतं नळाचं पाणी. न दिलेल्यांशी तुलना केल्याशिवाय दिलेल्यांचं काही सिद्ध होत नाही. वडिलांनी आणलेलं सूत कुंड्यांना बांधलं, कायटिनवाल्यांना लाल, साध्या पाण्यावाल्यांना पांढरं. कॉलेजात कुंड्या ठेवायला जागा नव्हती म्हणून सगळा संसार आमच्या गच्चीवर.

मुदत मी दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळणार नाही, असं स्पष्ट सांगितलं गेलं होतं. मार्चच्या आत काम दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. आठ वर्षं लेक्चर, पेपर तपासणी, घर आणि लॅब यांच्यात मी चेंबले होते, आणि सगळं या साठ कुंड्यांवर येऊन ठेपलं होतं.

नेमकं डिसेंबरात कॉलेजचं सात दिवसांचं निवासी शिबिर लागलं आणि तरुण शिक्षिका म्हणून माझ्या गळ्यात पडलं. तरुण कसली! बाकीच्यांची गुडघेदुखी म्हणून मी तरुण. कायटिनचे डोस तोवर देऊन झाले होते, आता सगळ्यांना सात दिवस नुसतं पाणी घालायचं होतं. मी आईला गच्चीवर नेलं, पाण्याचा मग दाखवला, प्रत्येक कुंडीला एकच मग, नळाचंच पाणी. तिनं विचारलं, या पांढऱ्या सुताच्या वेगळ्या का? मी घाईत होते. म्हटलं, लाल सुतावाल्यांना औषध दिलंय, पांढऱ्यांना द्यायचं नाही, त्यांना उपाशीच ठेवायचंय. उपाशी हा शब्द मीच वापरला. तिनं मान हलवली. मी पिशवी उचलून निघाले.

शिबिराहून आल्यावर पानं कापली, लॅबमध्ये नेली, थेंब ठेवले. दुसऱ्या दिवशी रंग देऊन पानं अल्कोहोलमध्ये उकळली, म्हणजे हिरवा रंग निघून जातो आणि डाग तेवढे राहतात. लाल सुतावाली पानं सुरेख तपकिरी झाली होती. मी मनातल्या मनात नाचले. मग पांढऱ्या सुताच्या बशा उघडल्या, तर तीही तपकिरी. थेट तशीच, काही तर जास्तच. सहा पानं तेवढी फिकट होती. ती मी रंग नीट चढला नाही म्हणून बाजूला सारली आणि वहीत त्यांच्यापुढे 'खराब' असं लिहिलं.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. दिलेलं आणि न दिलेलं सारखंच, म्हणजे प्रयोगाला अर्थच नाही. मी रंग बदलून पाहिला, बशा धुऊन परत केलं, नळाच्या पाण्यावर संशय घेतला, स्वतःला शिव्या घातल्या. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी गच्चीवर कुंड्यांशी बसले होते तेव्हा वास आला. आंबूस, खाडीचा, अगदी ओळखीचा. पांढऱ्या सुताच्या एका कुंडीतली माती बोटानं उकरली, तर गुलाबी पारदर्शक टरफलाचा एक तुकडा हाताला लागला. कोळंबीचं साल होतं.

आता हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कपाळाला हात लावला असेल. कोळंबीचं साल, चिंबोरीची म्हणजे खेकड्याची पाठ, बुरशीचं कवच, तिन्हीत तेच कायटिन.

मी खाली धावले. आई भाकरी थापत होती. विचारलं, तर तिनं अगदी सहज सांगितलं. मागल्या दारी रंगाचा एक जुना डबा असतो, त्यात ती कोळंबी सोललेली सालं पाण्यात टाकून आठ-दहा दिवस कुजवते आणि ते पाणी भाताच्या रोपांना घालते. तिची आई घालायची, तिच्या आईची आई घालायची. त्याला त्यांच्यात 'वलख देणं' म्हणतात. नव्या रोपाला खाडीची ओळख करून द्यायची, मग ते इथे टिकतं. मी लहानपणी तो डबा हजार वेळा पाहिला होता आणि नाक दाबून पुढे गेले होते. तर तेच पाणी तिनं पांढऱ्या सुताच्या कुंड्यांना घातलं होतं. लाल सुतावाल्यांना नाही, त्यांना औषध मिळालं होतं ना! मी का म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली:

"अगो, एका पंगतीन बसवलीस, आनि अर्ध्यांना वाडलंस, अर्ध्यांना न्हाय. माझ्याच्यानं बघवला न्हाय."

पंक्तिप्रपंच. आमच्या घरात यापरतं पाप नाही. पाहुणा असो की गोदामावरचा हमाल असो, पंगतीत बसला की सगळ्यांच्या ताटात सारखं पडलं पाहिजे, तुकडा छोटा झाला तरी चालेल. लहानपणी चुलत भावाच्या ताटात तळलेल्या मासळीचा मोठा तुकडा गेला म्हणून मी रुसले, तर आईनं तो उचलून त्याचे सहा भाग केले होते. अशा बाईच्या हाती मी तीस उपाशी कुंड्या सोपवून निघून गेले होते. आज मला यावर हसू येतं. त्या दिवशी नाही आलं.

त्या दिवशी मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. आठ वर्षं तू पाण्यात घातलीस असं म्हणाले. तुला सांगितलेलं एक काम धड होत नाही असंही म्हणाले. आणि शेवटी जे म्हणाले ते माझ्या कानात अजून आहे.

"शाळेची पायरी चढली नाहीस, तुला काय कळतंय यातलं?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, उतरवली, गॅस बंद केला. मग मागल्या दारी गेली, तो डबा उचलला आणि बांधापर्यंत चालत जाऊन खाडीत रिकामा केला. येताना डबाही आणला नाही. वडिलांना ऐकू येत नाही, पण त्यांना सगळं दिसलं. ते माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले की आज तू चुकलीस. मी ताडताड खोलीत गेले आणि दार लावून घेतलं, जणू अन्याय माझ्यावरच झाला होता.

दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक मॅडमना जाऊन सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, बिच्चारी तू. त्या सगळं शांतपणे ऐकत राहिल्या आणि मग त्यांचे डोळेच चमकले. त्यांनी विचारलं, ते पाणी किती घातलं, कितीदा, कुठल्या कुंडीला, आईंना विचारलंस? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, सगळं बिघडलं. त्या म्हणाल्या, तुझा प्रयोग बिघडला आहे, त्यांचा नाही. जा आणि नीट विचार, आणि विचारण्याआधी काय करायचं ते मी तुला सांगायला नको.

मॅडमचं हे ऋण मी कसं फेडू? माझ्या तोंडावर दार लावून त्या मला परत पाठवू शकल्या असत्या. त्यांनी मला माझ्याच घरी पाठवलं.

घरी आले तेव्हा आई मागल्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसले. माफी मागणं मला जमत नाही. तिच्या सुपातले खडे वेचायला लागले. बराच वेळ दोघी वेचत राहिलो. मग म्हटलं, आई, माझं चुकलं, मी फार वाईट बोलले. ती म्हणाली की खरंच आहे ते, तिला काय कळतंय. हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ती मनापासून म्हणत होती. मला रडू फुटलं. मी तिचा हात धरला आणि सांगितलं, तुला जे कळतंय ते शिकायला मी आठ वर्षं घालवली आणि तरी माझ्या नाकासमोरचा डबा मला दिसला नाही.

मग तिला सगळं सांगितलं, बुरशीचं कवच आणि कोळंबीचं साल एकाच वस्तूचं, सालं कुजली की त्याचे बारीक तुकडे पाण्यात उतरतात, रोपाची मुळं त्या तुकड्यांना ओळखतात आणि झाड सावध राहायला शिकतं. हेही सांगितलं की सगळं श्रेय सालांचंच असेल असं नाही, कुजलेल्या पाण्यात जिवाणूही असतात आणि झाड त्यांनाही ओळखतं. बुरशीही काही भोळी नाही, करप्याची बुरशी स्वतःचं एक प्रथिन सोडते, ते कायटिनचे तुटलेले तुकडे आधीच उचलून लपवतं, म्हणजे झाडाला पत्ताच लागू नये. हे ऐकल्यावर आई पहिल्यांदा हसली. म्हणाली, चोर चपला हातात घेऊन चालतो, तसा. मी म्हटलं, तसाच. मग ती म्हणाली की म्हणूनच आधी वलख द्यायची, वलख पक्की असली की पावलं वाजली नाहीत तरी माणूस अंधारातसुद्धा सावलीवरून कळतो.

मी वही काढली आणि विचारलं, किती घातलंस, कधी घातलंस. दोनदा, अर्धा अर्धा मग, पहिल्या दिवशी आणि चौथ्या दिवशी. सगळ्या पांढऱ्यांना? ती सुपातले दाणे उगाच इकडचे तिकडे करायला लागली. मला वाटलं, आता आणखी काय ऐकायचं आहे. शेवटी खाली मान घालून तिनं सांगितलं.

"सगल्यांना पुरला न्हाय गो. पानी संपला. टाकीजवलच्या सहा कुंड्या उपाशीच र्‍हायल्या. तुला बोलले न्हाय, लाज वाटली."

टाकीजवळच्या सहा, म्हणजे पंचावन्न ते साठ. मी वहीची पानं मागे उलटली. माझ्या हस्ताक्षरात सहा ओळी होत्या, प्रत्येकीपुढे 'खराब', आणि आकडे पंचावन्नपासून साठपर्यंत. रंग चढला नव्हता असं समजून जी पानं मी बाजूला सारली होती, ती खराब नव्हतीच. तीच तेवढी खरी होती. त्यांना कुणी ओळख करून दिली नव्हती, म्हणून ती बुरशीला ओळखायला उशीर करत होती. सबंध प्रयोगात एवढी सहाच पानं मला हवं ते सांगत होती. आईला डब्यात पाणी कमी पडल्याची लाज वाटत होती, आणि त्या कमी पडण्यानंच माझं काम वाचलं होतं.

मी तिला मिठी मारली, सूप उलटलं, निवडलेले तांदूळ पायरीवर सांडले. ती रागावली. मला इतकं बरं वाटलं ती रागावल्यावर!

सहा कुंड्यांवर प्रबंध होत नाही. पण नव्यानं काय करायचं ते कळलं होतं आणि हातात जेमतेम दहा आठवडे होते. मॅडमनी समितीला पत्र लिहिलं की प्रयोगात एक गट वाढवत आहोत. नव्या तीस कुंड्या मांडल्या. दहांना लॅबचं कायटिन, दहांना आईचं सालांचं पाणी, दहांना नुसतं पाणी, त्यांना पुन्हा पांढरं सूत. नवा डबा लागणार होता, तो वडिलांनी कुठून तरी आणला. सालांसाठी घरात कोळंबी यायला लागली. आई सोलायची, कालवण करायची, मी आणि वडील चापून खायचो.

दहा कुंड्या उपाशी ठेवायच्या, हे तिला पटवायला मात्र दोन दिवस लागले. मी या वेळी नीट समजावलं की या दहा नसतील तर तुझ्या पाण्याचा गुण जगाला दिसणारच नाही, त्या उपाशी राहून तुझी साक्ष देणार आहेत. तिनं विचार केला. म्हणाली, चालेल, पण एक कबूल कर, तुझी पानं कापून झाली की त्यांना मी आधी जेवायला घालणार, बाकीच्यांना मागून. मी कबूल केलं. त्यात माझं काय जात होतं?

तीन आठवडे ती रोज सकाळी गच्चीवर यायची. मी घालते तसं मोजून पाणी घालायची आणि पांढऱ्या सुताच्या कुंड्यांसमोरून जाताना त्यांच्याकडे बघायची नाही. त्या दिवसांत ती जेवायला आमच्याबरोबर बसायची, पण ताटात कालवण घ्यायची नाही. भात, आमटी, लोणच्याची फोड. मी एकदोनदा विचारलं, तर पित्त झालंय म्हणाली. मी पित्ताच्या गोळ्या आणून दिल्या आणि माझ्या कामाला लागले. आगरी बाई कोळंबीला नाही म्हणते आणि मुलगी गोळ्या आणते. आठ वर्षं ओळखण्याचा अभ्यास केलेली मुलगी!

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल, नाहीतर मी हे इतक्या निवांतपणे लिहीत बसले नसते. पानं बोलली. लॅबच्या कायटिनवाली लवकर तपकिरी झाली, आईच्या पाण्यावालीही झाली, उपाशी दहा मागे राहिली. काम मुदतीत दिलं, पदवी मिळाली. प्रबंधाच्या शेवटी आभाराचं पान असतं, तिथे सगळे आईवडिलांना घालतात. माझ्या आईचं नाव तिथे नाही. ते कार्यपद्धतीच्या प्रकरणात आहे, सालांचं पाणी कसं करायचं ते जिच्याकडून शिकले ती व्यक्ती म्हणून, कारण तिची जागा तिथे आहे. मॅडमनी त्याखाली लाल पेनानं 'बरोबर' असं लिहिलं होतं.

पण मला राहून राहून आठवतो तो पदवीचा दिवस नाही. आठवतो तो पानं कापली तो दिवस. सकाळी आठच्या आत सगळी पानं कापून ओल्या फडक्यात गुंडाळून मी बर्फाच्या डब्यात भरली. आई कधीपासून जिन्यात उभी होती. झालं का, तिनं विचारलं. मी झालं म्हटल्यावर ती डबा घेऊन वर आली. पांढऱ्या सुताच्या दहा कुंड्यांना एकेक करून पूर्ण मग भरून सालांचं पाणी घातलं, अजिबात घाई न करता. शेवटच्या कुंडीला घालताना तिनं वाकून पाहिलं, पाणी मातीत मुरतंय ना. मग बाकीच्यांना घातलं.

मी लॅबला निघायच्या गडबडीत खाली आले, तर स्वयंपाकघरात तिनं स्वतःसाठी ताट वाढून घेतलं होतं. सकाळचे साडेआठ. तांदळाची भाकरी आणि वाटीभर कोळंबीचं कालवण, वर तेलाचा तवंग. तिनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी बर्फाचा डबा हातात धरून दारात उभी राहिले. पित्त गेलं का, असं विचारणार होते, आणि तेवढ्यात मला सगळं कळलं.

तीन आठवडे. कोळंबी तिनंच सोलली, तिनंच शिजवली, आम्हाला वाढली, आणि स्वतः हात लावला नाही. मी काही बोलायच्या आत तिनं माझा चेहरा बघितला आणि जरा ओशाळली.

"पंगतीन दहा जनी उपाशी बसल्या व्हत्या," ती म्हणाली. "मी कशी जेवू?"

मला उशीर होत होता, बर्फ वितळत होता. मी डबा खाली ठेवला, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिच्या ताटातली भाकरी मोडून एक घास खाल्ला. तिनं न विचारता वाटी माझ्याकडे सरकवली, आणि आतल्या कोळंब्या मोजून अर्ध्या माझ्या बाजूला केल्या.